कत्तारला कान असतात

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या चादरींवर कडू नारिंगाची फुलं पसरली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घरातली माणसं त्यांच्या कडेकडेनं चवड्यांवर चालत होती, जणू कुणी बाळ झोपलंय आणि ते बाळ अख्ख्या खोलीएवढं आहे. वास इतका दाट होता की उशीवर डोकं ठेवलं तरी आपण कुठेतरी हळूहळू वाहत चाललोय असं वाटायचं. नाबूल गावात वसंतातले हे दिवस असेच असतात. गल्लीत दोन माणसं भेटली तर एक बोलतो आणि दुसरा डोळे मिटून नुसता हुंगत राहतो, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

मन्नूबिया पहाटेच उठली होती. अंगणात लिंबाच्या झाडाखाली चूल मांडून तिनं कत्तार चढवली. खाली तांब्याचा हंडा, त्यावर टोपी, टोपीच्या माथ्यावर गार पाण्याची परात आणि कडेनं निघालेली एक बारीक नळी. हंड्यात फुलं आणि पाणी उकळायचं, वाफ वर जाऊन गार टोपीला चिकटायची, आणि थेंब होऊन नळीवाटे बाटलीत उतरायची. सांध्यावर कणकेची वळी करून बोटानं दाबत तिनं नेहमीची आठवण करून दिली.

"आता कत्तार ऐकतेय हं."

ही तिच्या आईची शिकवण, आणि आईच्या आईची. कत्तार चुलीवर असेपर्यंत, शेवटची बाटली भरेपर्यंत, घरात वाकडा शब्द उच्चारायचा नाही. तिला कान असतात. शिवी ऐकली, भांडण ऐकलं की पाणी बिघडतं, आणि मग वर्षभर त्या घरच्या कॉफीत भांडणाची चव उतरते. शेजारची झकिया, जिला सगळे 'खालती' म्हणजे मावशी म्हणायचे, ती तर एका घराचं नाव घेऊन सांगायची की तिथे कत्तारजवळ सासूसुना भांडल्या आणि त्या पाण्यानं पाहुण्यांना ढेकर आले.

मन्नूबियाच्या दोन्ही पोरांना नियम तोंडपाठ होता आणि त्यातली पळवाटही.

"माझ्या डोळ्यांतल्या बाहुले," दोरसाफ दातांवर दात ठेवून अतिशय गोड आवाजात म्हणाली, "तुझा हा सुगंधी पाय माझ्या भूगोलाच्या वहीवरून तू स्वतः काढतोस, का मी प्रेमानं काढू?"

"काढतो हं, माझ्या स्वर्गातल्या कबुतरा," नौफल म्हणाला. "पण आधी तुझ्या मधाळ हातानं माझी गोटी परत दे. नाहीतर मी तुला इतकं, इतकं कुरवाळीन की तू रडशील."

"कुरवाळून तर बघ, काळजाच्या तुकड्या."

दोरसाफ सहावीत, नौफल तिसरीत, दोघं एकाच शाळेत. बाप तिजानी दक्षिणेकडे ट्रक घेऊन जायचा आणि मधूनअधून घरी यायचा, तेव्हा चपला कुठे काढू असं पाहुण्यासारखं विचारायचा. बाकी सगळं मन्नूबियावर. लग्नघरांना रव्याचं कुस्कुस वळून देणं, लाल मिरच्यांच्या माळा ओवून वाळवणं, आणि वसंतात गल्लीभरच्या फुलांचं पाणी काढणं. या सगळ्याच्या मधल्या फटींत तिचं मुलांशी बोलणं चालायचं, आणि ते बोलणं म्हणजे असं: उठा. धुवा. खा. पळा. आलात? हात! दप्तर तिथे नाही. अभ्यास? दिवा. झोपा. सगळं एका श्वासात, मागे कुणी लागल्यासारखं. एकच गोष्ट ती घाई न करता करायची. शाळेत निघताना दोघांना उंबऱ्यात थांबवून, बोटाला फुलांचं पाणी लावून दोघांच्या कानामागे हळूच फिरवायची. तेवढ्यापुरती ती काही बोलत नसे. मुलंही तेवढ्यापुरती उभी राहत, डोळे मिटून, शिंगरांसारखी.

आणि एक वचन होतं, लांबत चाललेलं.

नाबूलहून थोड्या अंतरावर कुर्बा गाव आहे. तिथे समुद्राला लागून खाजण आहे, आणि त्या खाजणात थंडीत अग्निपंख उतरतात. लांब काटकुळ्या पायांचे, गुलाबी, एका पायावर उभे राहून झोपणारे पक्षी. शाळेच्या भिंतीवर त्यांचं चित्र होतं. नौफलनं ते बघितल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता.

"जैतून उतरले की जाऊ," मन्नूबियानं सांगितलं होतं. जैतून उतरले. मग, "बाबा आले की जाऊ." बाबा आले, झोपले, गेले. मग, "थंडी सरू दे जरा." थंडी सरली. आता चाललं होतं, "फुलं झाली की नक्की."

"बघू हं राजा, फुलं झाली की," दोरसाफ भावाच्या कानात पुटपुटायची, आणि आवाज असा हुबेहूब आईचा की नौफल मागे वळून बघायचा. त्या मुलीच्या गळ्यात अख्खी गल्ली राहत होती. भट्टीवाल्याचं "कुणाची गं ही भाकर, राख झाली तरी नेईना कुणी" हे रडगाणं, अजानच्या आधी भोंग्यातून येणारा तो छोटासा खोकला, झकियाचा हुंदका. झकिया बटाट्यांबद्दल बोलली तरी घरात मयत झाल्यासारखी बोलायची, आणि दोरसाफनं तो हुंदका असा उचलला होता की खुद्द झकियानंच एकदा भिंतीपलीकडून विचारलं होतं, "कोण गं रडतंय माझ्यासारखं?"

आणि ऊन तापायला लागलं की अग्निपंख निघून जातात. हे तिघांनाही ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

नळीच्या टोकावर पहिला थेंब फुगला, थरथरला आणि वेताच्या जाळीतल्या बाटलीत पडला. टप्. मन्नूबियानं तो आवाज ऐकला आणि तिचे खांदे सैल झाले. इथून पुढे दिवस आपला आपण चालतो. परातीतलं पाणी तापलं की नौफलनं भोकाचा बोळा काढून ते सोडून द्यायचं, दोरसाफनं हौदातलं गार पाणी ओतायचं. वाफ जास्त झाली तर निखारे मागे ओढायचे. बाकी बसून राहायचं. लिंबाच्या सावलीचे ठिपके अंगावरून सरकत होते. कत्तार पोटातल्या पोटात गुणगुणत होती. वर्षातला हा एक दिवस मन्नूबिया बसलेली दिसायची.

म्हणूनच गल्लीतले निम्मे कबुलीजबाब त्या दिवसासाठी राखून ठेवलेले असत.

"उम्मी," नौफल आईजवळ येऊन म्हणाला. तो एका पायावर उभा होता. मंगळवारपासून तो असाच उभा राहायचा, जेवताना, दात घासताना, आणि मन्नूबियानं चारदा टोकूनही सुधारला नव्हता. "उम्मी, माझा निळा स्वेटर आठवतो?"

"जो तू शाळेत वाळत घातलायस म्हणत होतास तो?"

"तो वाळत नाहीये. तो नाहीच आहे."

मन्नूबियानं डोळे मिटले. नाकानं श्वास घेतला, तोंडानं सोडला. "जाऊ दे हं, माझ्या लिंबाच्या कळ्या," ती म्हणाली. गाल ताणून ताणून दुखायला लागले होते. "देव त्या स्वेटरचं भलं करो. जिथे असेल तिथे तो ऊबदार असो."

मग भिंतीवरून झकियाचं डोकं उगवलं.

"गेलं गं, गेलं!" ती हुंदका देत म्हणाली. "मन्नूबिया, तुझ्या पितळी खलाचा बत्ता, तो गं, तुझ्या आईचा... गेला! आमच्या विहिरीत! मागच्याच्या मागच्या महिन्यात!"

"आणि आज सांगतेस, खालती?"

"मग कधी सांगू? एरवी तू मला जिवंत ठेवशील?"

"नाही गं, माझ्या साखरेच्या पुडे," मन्नूबिया म्हणाली. "विहिरीलाही कधी काही कुटावंसं वाटत असेल."

भिंतीपलीकडे हसू फुटलं, तेसुद्धा रडण्याच्याच चालीत. नौफल जमिनीवर लोळला. दोरसाफ मात्र हसली नाही. ती कत्तारजवळ बसून नळीच्या टोकाकडे बघत होती, एकटक, जणू थेंब मोजायचं काम तिला कुणी दिलं होतं. मन्नूबियाच्या ते लक्षात आलं. या पोरीच्या पोटात काहीतरी आहे, तिला वाटलं. ही दरवर्षी सगळ्यांत आधी येते, आणि तिचे गुन्हे सगळ्यांत मोठे असतात. मन्नूबियानं वाट बघायचं ठरवलं. घाई नव्हती. पहिली बाटली भरत आली होती.

दुपारी दार वाजलं. मुख्याध्यापक मुंजी आले होते, सगळे आदरानं 'सी मुंजी' म्हणायचे ते, दोन्ही हातांत वेताच्या जाळीतल्या रिकाम्या बाटल्या धरून. त्यांच्या घरच्या फुलांचं पाणीही दरवर्षी इथेच निघायचं. सी मुंजी प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरत, शाळेची घंटा दिल्यासारखा. घंटा झाल्याशिवाय वाक्य वर्गात शिरत नसे.

"अँहँ. लल्ला मन्नूबिया, सलाम. अँहँ. काय हा सुवास!"

"या, सी मुंजी, बसा. दोरसाफ, पाट दे."

दोरसाफनं पाट दिला आणि ती तशीच मागे मागे सरकत घराकडे निघाली.

"अँहँ. थांब गं मुली, तूही ऐक. मी मुद्दाम समोर सांगायला आलोय. लल्ला, मी इतकी वर्षं शाळा चालवतोय. मुलं आली नाहीत की मला आयांचे फोन येतात. ताप आला, पोट दुखतंय, आजी वारली. काही काही मुलांच्या आज्या तर माझ्या शाळेत दरवर्षी वारतात. अँहँ. पण मंगळवारी सकाळी तुमचा फोन आला..."

"माझा?" मन्नूबिया म्हणाली.

"तुमचा. आणि तुम्ही म्हणालात," सी मुंजींनी डोळे मिटले, कविता म्हणावी तसे, "'सी मुंजी, मुलं आज येणार नाहीत. आजारी नाहीत, छान ठणठणीत आहेत. मी त्यांना कुर्ब्याला घेऊन चाललेय, अग्निपंख बघायला. मी त्यांना शब्द दिलाय, आणि ते पक्षी माझी कामं संपायची वाट बघत थांबत नाहीत.' अँहँ! मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, इतक्या वर्षांत ही पहिली आई, जिनं मला खरं सांगितलं."

नौफलनं वर धरलेला पाय हळूच खाली टेकवला.

मंगळवार. मंगळवारी मन्नूबिया पहाटेपासून लग्नघरी कुस्कुस वळत होती. फोन घरी विसरला होता. संध्याकाळी आली तेव्हा मुलं जेवून, शहाण्यासारखी वह्या उघडून बसलेली. तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

"आणि काय तो आवाज, लल्ला!" सी मुंजी बोलतच होते. "किती शांत! एरवी तुम्ही फोनवर, म्हणजे राग मानू नका, धाप लागल्यासारख्या बोलता. त्या दिवशी मला वाटलं, बोलतच राहाव्यात. अँहँ. मग? दिसले का पक्षी?"

मन्नूबियानं तोंड उघडलं. आतून जे वर येत होतं ते कत्तारनं ऐकण्यासारखं मुळीच नव्हतं. तिनं ते गिळलं. पुन्हा वर आलं, पुन्हा गिळलं.

"दिसले ना," ती म्हणाली, आणि नौफलकडे बघून इतकं गोड हसली की तो बहिणीच्या मागे लपला. "माझ्या राजा, सांग सी मुंजींना. सांग, आपण सगळ्यांनी मिळून किती सुंदर पक्षी बघितले."

"खूप," नौफल बहिणीच्या पाठीला म्हणाला.

सी मुंजी खूश झाले. त्यांनी कॉफी घेतली, तिच्यात ताज्या पाण्याचे थेंब घातले, ताज्या पाण्याला असतो तो करपट वास हुंगून, महिनाभर अंधारात राहिलं की जाईल, असं स्वतःलाच समजावलं, आणि एकदाचे गेले.

दार लागलं. मन्नूबिया उभी होती तिथेच खाली बसली.

"माझ्या घरच्या दिव्या," ती म्हणाली. "माझ्या काळजाच्या देठा. तू आपल्या लहान भावाला घेऊन, हमरस्त्यावर, परक्या माणसांच्या गाडीत बसून, पाण्याच्या काठावर गेलीस. आणि मी तिकडे नवरीच्या आईचे विनोद ऐकून हसत होते. मी हसत होते, माझ्या सोन्या, आणि तुम्ही..." पुढचं वाक्य तिला गोड करता येईना. ते तसंच राहिलं.

"उम्मी, पाणी!" नौफल ओरडला, मग दचकून पुटपुटला, "पाणी, उम्मी, माझ्या आयुष्याच्या... परातीतलं..."

परातीतलं पाणी वाफाळत होतं. सगळे विसरले होते. नौफलनं बोळा उपसला, दोरसाफनं हौदाकडे धाव घेतली, मन्नूबियानं निखारे ओढले. गार पाणी पडल्यावर कत्तारनं लांब सुस्कारा सोडला आणि थेंब पुन्हा नीट पडायला लागले. तिघंही ओली, तांबडी, धापा टाकत तिच्याभोवती बसली.

लिंबाची सावली दोरसाफच्या गुडघ्यावर आली.

"कर," मन्नूबिया म्हणाली.

"काय?"

"माझी नक्कल कर."

दोरसाफनं तिच्याकडे चोरून बघितलं. मग नसलेल्या रुमालाखाली न सुटलेले केस खोचले, कंबरेवर हात ठेवला. "उठा! धुतलं? खाल्लं? हे काय, एवढंच? नौफल, पाय खाली! दप्तर कुणाचं हे, माझं? मी जाऊ शाळेत?" नौफल खुदकन हसला. हात, मान, शेवटी नाकानं सोडलेला तो उसासा, सगळं बरोबर होतं. मन्नूबियालाही हसू आलं, थोडं.

"ही नाही," ती म्हणाली. "ती. फोनवरची."

"ती मला तुझ्याकडे बघत जमत नाही."

"मग तिकडे बघ."

दोरसाफनं पाठ फिरवली. लिंबाच्या खोडाकडे तोंड करून ती उभी राहिली. मग बोलली.

"सी मुंजी, सलाम. मुलं आज येणार नाहीत..."

मन्नूबियाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं हा आवाज ओळखला, आणि ओळखून तिला लाजल्यासारखं झालं. हा आवाज तिनं कधी कुणासमोर काढला नव्हता. दिवस मावळून मुलं झोपली की ती त्यांच्या उशाशी बसायची, पांघरुणं सारखी करायची आणि काहीबाही बोलायची. कुणाशी नाही, अशीच. आज तुला रागावले ना रे. उद्या नाही रागावणार. उद्या आपण जाऊ, तुला हवं तिथे जाऊ. घाई नसायची त्या वेळी. झोपलेल्या मुलांना कुठे शाळेत पोचायचं असतं?

झोपलेली नव्हती म्हणजे. निदान एक तरी.

"तू ऐकायचीस?" तिनं विचारलं.

दोरसाफनं खोडाकडेच बघत मान डोलावली.

"कधीपासून?"

"नेहमीच." आता तिचा स्वतःचा आवाज होता, आणि तो अगदी लहान मुलीचा होता. "रोज म्हणतेस उद्या जाऊ. मला वाटलं, ती रात्रीची तू जर फोन करू शकली असतीस, तर तू केला असतास."

नौफल आता धीट झाला होता. तो आईच्या मांडीला टेकला.

"उम्मी, तिकडे तू खूप छान होतीस."

"तिकडे कुठे?"

"खाजणावर. मला गाडीत भीती वाटली ना, म्हणून दोरसाफ तूच झाली. पूर्ण वेळ. तू माझा हात धरलास. मला म्हणालीस, खिडकीतून समुद्र दिसला की सांग. आणि तू एकदाही ओरडली नाहीस."

"असं का," मन्नूबिया म्हणाली. तिनं त्याच्या कानामागे बोट फिरवलं, पाणी नसलेलं, कोरडंच. "आणि पक्षी?"

नौफलचा चेहरा जरा पडला. "होते. लांब होते. नुसते उभे होते गं. आणि गुलाबी नव्हते फारसे. पांढरेच होते." तो विचार करू लागला. "आम्ही खूप वेळ गप्प बसलो. तरी ते उभेच."

टप्. टप्. शेवटची बाटली गळ्यापर्यंत आली. मन्नूबियानं ती उचलली, बूच लावलं, फडक्यात गुंडाळली आणि उठून पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चादरी रिकाम्या होत्या. कुठे कुठे एखादी पाकळी, कडेनं पिवळी पडलेली.

"फुलं झाली," ती म्हणाली.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्या वाक्याचा पुढचा भाग दोघांनाही पाठ होता, आणि तो कधी खरा होईल असं त्यांना वाटत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यांवर इतकं स्वच्छ दिसत होतं की मन्नूबियानं नजर वळवली.

सोमवारी सकाळी तिनं स्वतः फोन लावला. उंबऱ्यात उभी राहून, एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्यात फोन.

"सी मुंजी? मी मन्नूबिया. ऐका, मुलं आज येत नाहीत, मी त्यांना घेऊन चाललेय, गाडी सुटेल आमची, म्हणजे कुर्ब्याला... नौफल, बूट! उलटे घातलेस! हां, तर कुर्ब्याला..."

"अँहँ," पलीकडून आवाज आला, गंभीर. "बाळ, आईचा आवाज काढून असे फोन करणं बरं नाही."

"अहो, मीच आहे!"

"लल्ला मन्नूबियांचा आवाज मी चांगला ओळखतो. अँहँ. त्या अशा ओरडत नाहीत."

"मी मन्नूबियाच आहे हो, सी मुंजी! देवाशपथ!"

"अँहँ. शपथा घेऊ नये, बाळ."

मन्नूबियानं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग मुलीकडे. मग तिनं तो दोरसाफच्या हातात दिला.

दोरसाफनं दाराकडे तोंड केलं. "सी मुंजी, सलाम," ती म्हणाली, आणि गल्लीतली सकाळ जरा हळू झाल्यासारखी वाटली. "मुलांना आज पुन्हा नेतेय. त्या दिवशी ते उडाले नव्हते."

"आता कसं!" सी मुंजी खुलले. "अहो लल्ला, आत्ता कुणीतरी पोर तुमचा आवाज काढत होती. पण जमत नव्हतं हो तिला. जा, जा. अँहँ. उडाले नाहीत म्हणजे जायलाच हवं."

गाड्यांच्या तळावर एक माणूस रिकाम्या गाडीपाशी उभा राहून ओरडत होता, "कुर्बा, कुर्बा, एकच सीट, एकच सीट राहिली!" ती एकच सीट भरायला बराच वेळ लागला. मन्नूबिया दोघांच्या मध्ये बसली. समुद्र दिसल्याचं नौफलनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो रे, खरंच की," हळूच, आणि दोरसाफनं तिच्याकडे बघून मान डोलावली, असंच, असंच.

खाजणावर वारा होता. पाणी इतकं सपाट आणि फिकट की आभाळ कुठे संपलं ते कळत नव्हतं. मधोमध अग्निपंख उभे होते. कुणी उशा धुऊन काठ्यांवर वाळत घातल्यासारखे, स्तब्ध, पांढरट. नौफल एका पायावर उभा राहिला. मन्नूबियाही काठावर बसली आणि ठरवल्याप्रमाणे दुसरी मन्नूबिया झाली. घाई नाही. लव्हाळ्यांच्या शेंड्यांवरून वारा जात होता. तिला वाटलं, आपण अजून त्या फुलांच्या खोलीतच आहोत आणि ही झोप आहे. किती वेळ गेला कोण जाणे.

डोळे उघडले तेव्हा नौफल बराच पुढे गेला होता.

"बेटा, जरा मागे ये हं," ती म्हणाली, फोनवरच्या आवाजात.

वाऱ्यानं ते शब्द मागच्या मागे नेले. नौफलचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्यानं दुसरा पुढे टाकला.

"राजा, ऐकतोस ना..."

तिसरं पाऊल टाकताना तो कलला, आणि मन्नूबियाच्या आत कालपासून गिळून ठेवलेलं सगळं, स्वेटर, बत्ता, मंगळवार, हमरस्ता, एकदम वर आलं.

"नौफल! मागे! चिखल आहे तिकडे! मागे हो म्हणते ना, गाढवा, बुडशील, मागे!"

ती हाक पाण्यावरून सरळ पलीकडे गेली. आणि ते सगळे पांढरे पक्षी एकदम उघडले. पंखांखाली गुलाबी होतं, लालच जवळजवळ, कडेनं काळं, आणि ते पाण्यावरून उठलं तसं पाणीही तसलंच झालं, वर आणि खाली. कुठेतरी कडकड वाजत, माना लांब ताणून ते त्यांच्या डोक्यावरून गेले आणि त्यांची सावली तिघांच्या तोंडांवरून फडफडत गेली.

नौफल चिखलात रुतल्या रुतल्या मागे वळला. तोंड उघडंच होतं.

"उम्मी," तो म्हणाला, "त्या दिवशी तू असं नव्हतं केलंस!"

मन्नूबिया तोंडावर हात ठेवून उभी होती. पक्षी लांबवर वळसा घेत होते, परत उतरायच्या बेतात. तिच्या शेजारी दोरसाफ ओठ हलवत होती, ती हाक मनातल्या मनात जुळवून बघत. नौफल, मागे, गाढवा. पुन्हा एकदा. मग तिनं मान हलवली.

"हे मला येत नाही गं," ती म्हणाली, आणि आईची बाही ओढली. "पुन्हा कर ना."